अंगणातील निंब

घरापुढे सावली असावी, असे प्रत्येकास वाटते. परंतु अवर्षणाच्या मुलखात कोणते झाड तग धरील, याचा विचार क्वचितच होतो. महसूल खात्यात कारकुनी करीत असता आम्ही पैसेवारीच्या कामानिमित्त पुष्कळ गावे हिंडलो. सन २०१२-१३ च्या दुष्काळात परसातील पेरू-पपया वाळून गेल्या, विहिरी आटल्या; निंब मात्र हिरवा होता. आमची दप्तरे त्याखालीच उघडत.

सन २०१३ साली आम्ही घर बांधले. वर पत्रे असल्याने दुपारी आमच्या मातोश्रींस आत बसवत नसे. एका रोपवाटिकेतून निंब म्हणून रोप आणले. ते भराभर वाढले, आम्हांस धन्यता वाटली. तिसऱ्या वर्षी फुले आली ती जांभळट! तो बकाण निंब निघाला. वळवाच्या वाऱ्यात त्याची फांदी मोडून पत्र्यावर पडली, तेव्हा तो तोडविला. खऱ्या निंबाचे पान एकदाच विभागलेले व फूल पांढरे असते. बकाणाचे पान दुहेरी विभागलेले असते. कारकुनाने कागद तपासून घेतला, रोप तपासले नाही!

नंतर सन २०१६ च्या आषाढात आम्ही बीच लावले. झाडाखाली पडलेली पिकी निंबोळी घ्यावी, गर धुऊन टाकावा, बी सावलीत सुकवावे व पंधरा दिवसांच्या आत पेरावे. पुढे उगवणशक्ती झपाट्याने जाते. निंबाचे सोटमूळ खोल जाणारे असल्याने कायमच्या जागीच बी टोकणे बरे. घरापासून पंधरा-वीस फुटांवर, पश्चिमेच्या अंगास खड्डा करून तीन-चार बिया टोकाव्या व जोमदार रोप तेवढे राखावे. मुरमाड जमीन चालते. पाणी साचणारी जागा मात्र टाळावी. शेळ्या हा पाला आवडीने खातात, सबब बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे. पहिले दोन उन्हाळे बुडाशी छिद्राचे मडके पुरून पाणी द्यावे. न्हाणीघराचे सांडपाणी आम्ही दिले नाही, कारण त्यात साबण असे.

फाल्गुनाच्या सुमारास पाने गळतात, त्यामुळे नवशिके घाबरतात. घाबरू नये. चैत्रात पालवी येते व वैशाखाच्या उन्हात सावली दाट होते.

सन २०२२ च्या उन्हाळ्यात त्याखाली बाज मावू लागली. मातोश्रींस ती सावली तेवढा एकच उन्हाळा लाभली. बकाणापायी गेलेली तीन वर्षे आम्हांस अद्याप सलतात.

ज्यांस बी पाहिजे असेल त्यांनी आषाढात आमच्या अंगणातून न्यावे. आमचे झाड आता भरपूर फळते. मात्र निंबोळी पडेल त्याच आठवड्यात यावे.