नाद : औषध नव्हे, परिचारक

माघ वद्य चतुर्दशी जवळ येऊ लागली की तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील आमच्या प्रकाशा क्षेत्रात आवाज वाढू लागतात. केदारेश्वराच्या दर्शनासाठी खानदेशातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून यात्रेकरू उतरतात. गाभाऱ्यात रुद्राची आवर्तने चालतात, सभामंडपात टाळमृदंगाला खंड नसतो आणि बाहेर रस्त्यावर ध्वनिक्षेपकांची चढाओढ सुरू असते. यांतील काही आवाजांनी मन निवते, काहींनी ते बेचैन होते. एकाच रात्री, एकाच देवाच्या नावाने उठणाऱ्या ध्वनींचे देहावर असे भिन्न परिणाम का व्हावेत? हा प्रश्न केवळ संगीतज्ञांचा नाही. ज्याच्या घरी वृद्ध आईवडील आहेत, तान्हे मूल आहे, रक्तदाबाचा वा हृदयविकाराचा रुग्ण आहे, त्या प्रत्येक गृहस्थाचा तो प्रश्न आहे.

अलीकडे ‘संगीतोपचार’, ‘नादचिकित्सा’ हे शब्द घरोघरी पोहोचले आहेत. अमुक राग ऐकावा म्हणजे मधुमेह जातो, तमुक राग ऐकावा म्हणजे रक्तदाब उतरतो, असे संदेश मोबाइलवरून फिरतात आणि भाविक मंडळी ते श्रद्धेने एकमेकांस पाठवितात. याच्या उलट, हे सारे थोतांड आहे असे म्हणून हात झटकणारेही पुष्कळ आहेत. शिवरात्रीच्या निमित्ताने आम्ही ही दोन्ही टोके बाजूस ठेवून, आपल्या शास्त्रकारांनी नादाला रुग्णसेवेत कोणती जागा दिली आणि आजचे विज्ञान त्याविषयी काय सांगते, याचा थोडा विचार वाचकांपुढे ठेवणार आहोत.

चरकाचार्यांची रुग्णशाला

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात, रुग्णावर वमनविरेचनादी उपचार करण्यापूर्वी कोणती सिद्धता करावी, हे सांगितले आहे. प्रथम घर कसे असावे ते येते. ते भक्कम असावे, वाऱ्याचा झोत अंगावर न येता हवा खेळती असावी, धूर व धूळ यांचा उपद्रव नसावा आणि नकोसे शब्द, नकोसे गंध रुग्णापर्यंत पोहोचू नयेत. त्यानंतर माणसे कोणती जमवावीत याची यादी आहे. तीत स्वयंपाकी आहेत, स्नान घालणारे आहेत, अंग चेपणारे आहेत, रुग्णाला उठविणारे-बसविणारे आहेत, औषधे कुटणारे आहेत. त्यांच्याच बरोबरीने गायन, वादन, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास आणि पुराणे यांत कुशल असलेली माणसेही आहेत.

कीर्तनकाराला हा उतारा वाचताना सुखद आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. कारण गायन, वादन, श्लोक आणि आख्यान ही तर कीर्तनाचीच अंगे होत! पण चरकाचार्यांनी या मंडळींना कोठे बसविले, तेही पाहिले पाहिजे. त्यांना वैद्याच्या आसनावर बसविलेले नाही आणि औषधांच्या कोठारातही ठेवलेले नाही. ती परिचारकांच्या पंक्तीत आहेत. शिवाय त्यांच्यासाठी दोन अटी आहेत. त्यांनी रुग्णाच्या मनातला अभिप्राय ओळखावा आणि त्यांना देशकालाचे भान असावे. नादाचा रुग्णाला उपयोग होतो. पण तो परिचारकाचा उपयोग होय. अनिष्ट शब्द बाहेर ठेवणे आणि इष्ट शब्द बेताने आत आणणे, या दोन्ही गोष्टी आचार्यांनी लागोपाठ सांगाव्यात, यातच सर्व मर्म आले.

आधुनिक रुग्णालयांचा अनुभव या मताला धरूनच आहे. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा, सुमारे ७,००० रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे संगीत ऐकविले असता रुग्णांची वेदना व चिंता कमी होते आणि वेदनाशामक औषधेही कमी लागतात, असे त्यात आढळले. संगीताने शस्त्रक्रिया टळली असे मात्र कोणी म्हटलेले नाही. शल्यवैद्याचे काम शल्यवैद्यानेच केले. संगीताने रुग्णाचा हात धरला.

देवगिरीचा शार्ङ्गदेव

‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने सिद्ध झाला. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. अर्थात हा महाराष्ट्राच्या भूमीवरचाच ग्रंथ होय. त्याचा कर्ता शार्ङ्गदेव संगीतज्ञ होता, तसाच वैद्यकही जाणत होता. म्हणूनच ग्रंथारंभी, स्वरांकडे वळण्यापूर्वी, तो मानवी देहाच्या उत्पत्तीचे व रचनेचे विस्तृत वर्णन करतो. नाद जेथे उपजतो तो देह आधी जाणावा, हा त्यातला भाव. हृदयात मंद्र, कंठात मध्य आणि मूर्धस्थानी तार, अशी नादाची तीन स्थाने तो सांगतो.

हा वैद्यक जाणणारा संगीतकार रागांच्या प्रकरणात रागाचा ऋतू सांगतो, प्रहर सांगतो, रस सांगतो, देवता सांगतो. रोगाचे नाव आणि रागाचे नाव एका ओळीत बसविणारे कोष्टक मात्र तो देत नाही. ज्यांना दोन्ही शास्त्रे ठाऊक होती त्यांनी जे लिहिले नाही, ते आज त्यांच्या नावावर खपविले जाते, हे दुर्दैव होय. असल्या संदेशांवर भिस्त ठेवून रक्तदाबाची गोळी बंद करणारा गृहस्थ नादाची उपासना करीत नसतो. तो आपला जीव धोक्यात घालीत असतो.

एक चरण, एक श्वास

मग स्तोत्र म्हटल्याने, नाम घेतल्याने शरीराला जे बरे वाटते ते कशाने? शिवमहिम्न स्तोत्र पुष्पदंत नावाच्या गंधर्वाचे, असे परंपरा मानते. त्याच पुष्पदंतेश्वराचे मंदिर प्रकाशा येथे आहे, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट. या स्तोत्रातील बहुतेक श्लोक शिखरिणी वृत्तात आहेत. शिखरिणीच्या चरणात १७ अक्षरे असतात आणि सहाव्या अक्षरानंतर यती येते. संथ स्वरात म्हटले तर असा एक चरण एका दीर्घ उच्छ्वासात बसतो. चरण संपला की श्वास आपोआप आत येतो. म्हणणाऱ्याला प्राणायाम करतो आहोत याची जाणीवही नसते. पण वृत्त त्याच्याकडून तो करवून घेत असते.

निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. २००१ साली इटलीतील पाव्हिया येथील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणवून घेतले. दोन्हींमुळे श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली. त्याबरोबर रक्तदाब सांभाळणारी शरीरातली स्वाभाविक यंत्रणा अधिक तत्परतेने काम करू लागली, असे त्यांच्या मोजमापात दिसले. हा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. भाषा निराळी, धर्म निराळे. पण श्वास मात्र एकाच लयीत आला! श्वास दीर्घ झाला की हृदयाची धावपळ आवरणारी परानुकंपी मज्जासंस्था वरचढ होते आणि ताणलेले शरीर सैल पडते. आपल्या पूर्वजांनी स्तोत्रांना वृत्तांत बांधले तेव्हा ही यंत्रे नव्हती. पण श्वासाचे मोजमाप त्यांच्या कंठातच होते.

भ्रामरीचा गुंजारव

हठयोगप्रदीपिकेतील आठ कुंभकांत भ्रामरीचा समावेश आहे. भुंग्याच्या गुंजारवासारखा नाद करीत श्वास सोडणे, हे तिचे स्वरूप. २००२ साली स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी दाखविले की, तोंड मिटून गुणगुणताना नाकावाटे बाहेर पडणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूचे प्रमाण साध्या उच्छ्वासाच्या मानाने पंधरा पटींनी वाढते. हा वायू नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांत तयार होतो. गुणगुणण्याच्या कंपनांनी त्या पोकळ्यांतील हवा खेळती होते. यावरून भ्रामरीने अमुक रोग बरा होतो असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. कंठातला नाद शरीरात खरोखर काही घडवितो, एवढे मात्र निश्चित. योगक्रिया अशा रीतीने प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचा पायंडा आपल्या महाराष्ट्रातच स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून घातला होता, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

नारदीय कीर्तनाच्या मांडणीतही हेच शहाणपण आहे. नमन विलंबित लयीत होते. पूर्वरंगात बुद्धीला खाद्य मिळते. मध्यंतरीच्या नामगजरात सारा श्रोतृवर्ग एका तालावर टाळी धरतो. उत्तररंगातील आख्यानाने डोळे पाणावतात आणि शेवटी आरती होऊन मन पुन्हा शांत भूमीवर उतरते. लय चढविली तर ती उतरविलीही पाहिजे, हा कीर्तनाचा दंडक आहे. चढविलेली लय तशीच सोडून देणारा नाद श्रोत्याला थकवितो.

नादाची मात्रा

आता दुसरी बाजू. औषधाला मात्रा असते तशी नादालाही असते. कानाच्या आतल्या शंखाकृती भागातील सूक्ष्म रोमपेशी मोठ्या आवाजाने एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसला तरच धोका मानावा, असा एक प्रचलित दंडक आहे. पण पुढे प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते! भिंतीसारख्या रचलेल्या ध्वनिक्षेपकांपुढे नाचणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हा हिशेब जरूर करावा.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयांभोवतीचा १०० मीटरांचा परिसर शासनाला शांतताक्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, सणाउत्सवासाठी, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. हे नियम धर्मावर आक्रमण आहेत, अशी तक्रार आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. त्यांनी मनुस्मृतीचा दुसरा अध्याय उघडून पाहावा. विधियज्ञाहून जपयज्ञ दसपट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशू जप शतपट आणि मानस जप सहस्रपट श्रेष्ठ, असे तेथे सांगितले आहे. आवाज जसा घटतो तसे फळ वाढते! हठयोगप्रदीपिकेतील नादानुसंधानही समुद्र, मेघ, भेरी यांच्या गर्जनेपासून निघते आणि वेणू, वीणा, भ्रमर यांच्या सूक्ष्म नादाकडे जाते. आमच्या शास्त्रांचा प्रवास गोंगाटाकडून शांतीकडे आहे; उत्सव उलट दिशेने निघाला तर त्याला शास्त्राचा आधार कोठला?

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात आमची सेवा होती. मंडपावरच्या एका कर्ण्याचे तोंड समोरच्या घराकडे होते आणि त्या घरात अर्धांगवायूने खिळलेले एक वृद्ध होते. त्यांची सून दुपारी येऊन म्हणाली, “बुवा, कीर्तन बंद करा असं नाही म्हणत. मामंजींना कीर्तनाची फार आवड. पण त्या कर्ण्यानं ते दचकतात, रात्रभर डोळा लागत नाही.” आम्ही मंडळींना सांगून तो कर्णा उतरवून घेतला. थोडी कुरकुर झाली. त्या रात्री खिडकी उघडी ठेवून वृद्धांनी नुसत्या झांजांच्या आणि कंठाच्या आवाजात कीर्तन ऐकले आणि उत्तररंग लागण्यापूर्वीच त्यांना गाढ झोप लागली. श्रोता झोपला की कीर्तनकाराला वाईट वाटते. त्या रात्री आम्हांस धन्यता वाटली.

घरी काय करावे

शिवरात्रीच्या निमित्ताने घरोघरी करता येण्याजोग्या दोन-चार गोष्टी सुचवून आम्ही हा लेख पुरा करतो. सायंकाळी दिवा लागल्यावर घरातील सर्वांनी पंधरा-वीस मिनिटे एकत्र बसून एखादे पाठातले स्तोत्र म्हणावे. चरण आणि त्यानंतरचा श्वास मिळून दहा सेकंदांच्या आसपास जातील, इतकी संथ लय धरावी. पाणिनीय शिक्षेत भरभर म्हणणे आणि मान हलवीत म्हणणे हे पाठकाचे दोष, तर गोडवा, स्पष्ट अक्षर आणि धीर हे त्याचे गुण सांगितले आहेत. पाठांतराची स्पर्धा करणाऱ्या मुलांना ते अवश्य सांगावेत. ज्यांना दम्याचा वा हृदयाचा विकार आहे त्यांनी श्वास कोंडून धरू नये. सहज जमेल तेवढेच म्हणावे.

रुग्णाजवळ काही लावावयाचे असेल तर आधी त्यालाच विचारावे. आपल्याला प्रिय असलेला अभंग त्याला प्रिय असेलच असे नाही. कोणाला जात्यावरची अहिराणी ओवी जवळची वाटेल, तर कोणाला जुने नाट्यपद. आवाज इतकाच ठेवावा की त्यावरून हलक्या आवाजात बोलता यावे. रुग्णाने हात हलविला की बंद करावे. यंत्रापेक्षा घरच्या माणसाचा कंठ, तो बेसूर असला तरी, श्रेयस्कर. कारण अभिप्राय ओळखण्याची चरकाचार्यांची अट यंत्राला पाळता येत नाही. आणि वैद्याचे औषध वेळच्या वेळी चालूच ठेवावे. नाद त्याच्या जोडीला आहे.

चतुर्दशीच्या रात्री चार प्रहरांच्या चार पूजा होतील. चौथ्या प्रहरी गर्दी ओसरते, टाळ थांबतात आणि संगमावर पाण्याचा तेवढा आवाज उरतो. प्रकाशा क्षेत्री येणाऱ्या भाविकांनी त्या वेळी घाटावर घटकाभर मुक्याने बसावे, ही आमची विनंती. आणि ज्यांना घरच्या रुग्णामुळे येथे येणे जमणार नाही, त्यांनी खंत करू नये. रुग्णाच्या उशाशी बसून हलक्या आवाजात घेतलेले शिवाचे नाम केदारेश्वराला पोहोचते, अशी आमची दृढ श्रद्धा आहे.