हरणाआधी नकाशा

शिकार म्हटली की आपल्याला मचाण, हाकारे आणि दिवाणखान्यातली शिंगे आठवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडून ते चित्र पुसत गेले, हे बरेच झाले. त्यामुळे कोलोरॅडोतल्या माझ्या शेजाऱ्याने ‘सप्टेंबरात हरणाला जायचंय, ओझं उचलायला येतोस?’ असे विचारले, तेव्हा मी नुसता हसलो.

पण त्याने फेब्रुवारीतच जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. परवान्याचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, मग सोडत. नंबर लागला नाही तर पुढच्या खेपेसाठी गुण जमा होतात. म्हाडाच्या सोडतीत हे असते तर! खेचरासारख्या लांब कानांचे हे म्यूल डिअर. त्यांचे मोठे नर उन्हाळ्यात झाडांची हद्द संपते तिथे, साडेअकरा हजार फुटांच्या आसपास चरतात आणि बर्फ पडला की खाली उतरतात. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी तिथे पोचत नाही.

मला वाटले, आता बंदुकीची चर्चा. ती पाच मिनिटांत आटोपली. उरलेली संध्याकाळ मांस खाली कसे आणायचे यात गेली. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या त्या रानात मोटार नेता येत नाही. पायी जा, नाहीतर घोड्यावर. घोडा आम्हाला परवडणारा नव्हता. मोठ्या नराचे हाडे काढून तीसेक किलो मांस निघते. तंबू गाडीपासून पाच मैलांवर. आधी मांस खाली, पुन्हा वर, मग तंबू खाली : पंधरा मैल. शिंगे घेऊन मांस टाकून येणे तिथे गुन्हा आहे. शिवाय दुपारचे ऊन त्याला नासवते. कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगायचे आणि रात्रीच्या थंडीवर भरवसा ठेवायचा.

त्याने एका डोंगरधारेवर लाल पेन्सिलीने रेघ मारली. ‘हिच्या पलीकडे गोळी नाही.’

‘आणि जन्मात एकदाच दिसावं असं हरीण पलीकडे उभं असलं तर?’

‘दुर्बीण कशाला घेतलीय?’

कॉफी घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने नकाशा पाहिला. आदल्या वर्षी त्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. तिने खोडरबराने ती रेघ पुसली आणि दोन बोटे रस्त्याकडे सरकवून नवी मारली. तो गप्प बसला.

जूनमध्ये त्याचा नंबर लागला. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी पाठीवर वीस किलो तांदूळ बांधून टेकडी चढतो. तो मागून रिकामा येतो. तशी तिची अट आहे.