बोटीवरचे जीपीएस विमानात चालेल?

मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची उड्डाण चाचणी २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर झाली. त्यामुळे घरी विमान बांधणे ही कल्पना खान्देशाला आता अपरिचित राहिलेली नाही. अशी विमाने बांधणाऱ्या हौशी मंडळींपुढे जगभर एकच अडचण असते, ती खर्चाची. विमानासाठी प्रमाणित केलेले जीपीएस महाग. बोटीवरचे त्या मानाने पुष्कळ स्वस्त. मग तेच का बसवू नये?

प्रथमदर्शनी हा विचार चुकीचा वाटत नाही. उपग्रह तेच, संकेतही तेच. नाविक आणि वैमानिक दोघेही अंतर सागरी मैलात (१,८५२ मीटर) आणि वेग नॉटमध्ये मोजतात. बोटीवरचे यंत्र १२ व्होल्टवर चालते आणि पडदा भर उन्हातही वाचता येतो. अँटेना मात्र अॅल्युमिनियमच्या छताखाली ठेवून चालत नाही. तिला मोकळे आकाश दिसले पाहिजे. काही यंत्रांना वेगाची मर्यादा घातलेली असते, तीही आधी माहितीपुस्तिकेत पाहावी.

खरी अडचण नकाशाची. सागरी नकाशात किनारा, खोली, खडक सारे असते. पण किनाऱ्यापासून आत आले की जवळपास कोरा पडदा. सातपुड्याची रांग नाही, अजिंठ्याचे डोंगर नाहीत, साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्याही नाहीत. खाली आलेल्या ढगात या रिकाम्या पडद्यावर विसंबणारा वैमानिक डोंगराकडे निघाला आहे, हे त्याला यंत्र सांगणार नाही.

दुसरा धोका वेगाचा, आणि तो अधिक फसवा. जीपीएस जमिनीच्या सापेक्ष वेग दाखवते. विमान मात्र हवेच्या सापेक्ष वेगावर तरंगते. समजा, ४५ नॉटखाली पंखांची उचल संपते. मागून २० नॉटचा वारा असताना पडद्यावर ६० दिसले, तर हवेतील वेग प्रत्यक्षात ४०च असतो. उतरण्याच्या वेळी ही गफलत जिवावर बेतू शकते. म्हणून पिटो नळीवर चालणाऱ्या वेगमापकाला पर्याय नाही.

उंचीचेही तसेच. नाविकाला तिची गरज नसते. शिवाय जीपीएस ज्या गणिती पृष्ठभागापासून उंची मोजते, त्याच्या ५० मीटरहून अधिक खाली आपल्याकडची सरासरी समुद्रसपाटी आहे. ही दुरुस्ती यंत्रात नसेल तर आकडा तेवढाच चुकतो. आकाशातील विमाने परस्परांतील उभे अंतर हवेच्या दाबावरून राखतात, त्यामुळे येथेही दाबावर चालणारा उंचीमापकच प्रमाण.

एवढे सांभाळले, तर हे यंत्र पूरक साधन म्हणून उपयोगी पडते. धुळे आणि जळगाव विमानतळांचे अक्षांश-रेखांश स्वतः भरले की दिशा व अंतर (सुमारे ५० सागरी मैल) लगेच मिळते. भरताना मिनिटांचा दशांश आणि सेकंद यांची गल्लत हमखास होते. तेव्हा उड्डाणापूर्वी यंत्र मोटारीत ठेवून धुळे–पारोळा–एरंडोल–जळगाव असा एक फेरा मारलेला बरा.