घरी बनवलेलं गिटार पेडल : ऐकीव काय, खरं काय

१९६१ साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं गाजलं. त्यात मध्येच बास गिटारचा एक तुकडा येतो, घोगरा आणि फाटलेला. ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचं एक चॅनेल बिघडलं आणि ग्रेडी मार्टिनने वाजवलेला तो तुकडा तसाच गाण्यात राहिला. लोकांना तो आवाज आवडला. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट तयार केलं आणि गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणलं. आत होते तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल.

इतक्या साध्या सामानातून सुरू झालेल्या गिटार पेडलभोवती साठ वर्षांत ऐकीव गोष्टींचा एवढा थर साचला आहे, की घरी पेडल बनवायची इच्छा असलेला माणूस सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधीच माघार घेतो. त्या गोष्टींपैकी काही साफ चुकीच्या आहेत, काही अर्धवट खऱ्या आहेत. अर्धवट खऱ्या गोष्टी जास्त त्रास देतात.

सगळ्यात आधी ऐकू येतं ते, 'यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण लागतं.' लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये काढलेला आणि जिमी हेन्ड्रिक्समुळे जगभर पोचलेला 'फझ फेस' उघडून बघा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर आणि दोन पॉट (नॉबने फिरवायचे रेझिस्टर), एवढ्या अकरा भागांवर ते पेडल चालतं. ते बनवायला तीन गोष्टी यायला हव्यात: सर्किटची आकृती वाचणं, रेझिस्टरवरचे रंगपट्टे ओळखणं आणि सोल्डरचा सांधा नीट मारणं. पहिल्या दोन एका रविवारी शिकता येतात. सांधा मारायला हाताला सवय हवी, आणि ती भंगारातल्या जुन्या बोर्डवर सराव करून येते. गणित लागतं ते पुढे, स्वतःचं सर्किट आखायचं असेल तेव्हा, आणि तेही बहुतेक वेळा ओमच्या नियमापलीकडे जात नाही.

दुसरा समज जास्त खोल रुजलेला आहे: आवाज 'अस्सल' भागांत असतो. अमुक वर्षाची जपानी चिप, तमुक कंपनीचा जुना कॅपॅसिटर मिळाला तरच मूळ पेडलसारखं वाजेल, असं सांगितलं जातं आणि त्यावर माणसं बरेच पैसे घालवतात. याचा निकाल कानाने आणि थोड्या आकडेमोडीने लावता येतो.

आयबानेझचा 'ट्यूब स्क्रीमर' घेऊ. १९७९ च्या सुमारास आलेल्या या पेडलच्या ४५५८ चिपची पूजा चालते. पण त्याचा ओळखीचा, मधल्या पट्टीत उठून दिसणारा आवाज येतो कुठून? चिपला जोडलेला ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा एक कॅपॅसिटर मिळून ७२० हर्ट्झची एक सीमा आखतात. तिच्या खालचे स्वर जसजसे खाली जातात तसतसे कमी वाढवले जातात, म्हणून खर्ज फाटून चिखल होत नाही आणि बँडमध्ये गिटार वेगळी ऐकू येते. आता तोच कॅपॅसिटर काढून ०.१ मायक्रोफॅरॅडचा लावा. सीमा ३४० हर्ट्झच्या आसपास उतरते आणि पेडल भरदार, जाड वाजू लागतं. एका किरकोळ भागाने पेडलचा स्वभाव बदलला, कारण त्याची किंमत म्हणजे व्हॅल्यू बदलली. आता उलट प्रयोग करा. चिपसाठी आठ पायांचं आयसी सॉकेट लावा, एकदा ४५५८ बसवा, एकदा टीएल ०७२. फरक शोधायला कान टवकारावे लागतील, आणि डोळे मिटून ऐकलं तर कोणती चिप कुठली हे सांगणं बहुतेकांना जमणार नाही.

डायोडचंही तसंच. एमएक्सआरचं 'डिस्टॉर्शन प्लस' आणि डीओडीचं '२५०' ही दोन्ही पेडलं ७४१ या चिपवर उभी आहेत आणि त्यांची सर्किटं जवळजवळ सारखी आहेत. पहिल्यात जर्मेनियम डायोड आहेत, दुसऱ्यात सिलिकॉन. जर्मेनियम डायोड साधारण ०.३ व्होल्टला लाट छाटायला लागतो, सिलिकॉनचा साधारण ०.६ व्होल्टला. म्हणून सिलिकॉनवालं पेडल जास्त मोठं वाजतं आणि त्याची धार वेगळी लागते. लाल एलईडी लावला तर ही मर्यादा पावणेदोन व्होल्टच्या आसपास जाते. इथे भाग बदलल्याने आवाज बदलतो हे खरं, पण कारण मल्टिमीटरवर दिसतं. त्यावर कुठल्या कंपनीचं नाव छापलं आहे याने काही होत नाही.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे आणि ती नीट सांगायला हवी. त्याचा फझ गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर सुंदर निवळतो, आणि त्यासाठी माणसं त्याच्यावर जीव टाकतात ते उगाच नाही. पण एकाच क्रमांकाच्या दोन नगांचा गेन सारखा नसतो, काही नग विजेची गळती फार करतात, आणि ती गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. डिसेंबरात पुण्यात गोड वाजलेला फझ मे महिन्यात नागपूरच्या मांडवात गुदमरू शकतो. म्हणून 'जर्मेनियम' एवढा शब्द ऐकून खरेदी करू नका. नग मोजून घ्या. फझ फेसमधल्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास दाब यावा म्हणून त्याला जोडलेल्या ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी ट्रिमर लावा. पहिल्या प्रयत्नाला सिलिकॉनचा फझ बरा. साठच्या दशकाच्या अखेरीस खुद्द फझ फेसमध्येच बीसी १०८ हे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले होते. आज त्या जागी बीसी ५४७ लावूनही काम होतं, आणि तो कुठल्याही दुकानात दोन-चार रुपयांना मिळतो.

'ट्रू बायपास असलेलं पेडल चांगलं, बफरवालं वाईट.' हे वाक्य इतक्यांदा म्हटलं गेलं आहे की ते नियमच वाटतं. ट्रू बायपासमध्ये पेडल बंद असताना गिटारचा सिग्नल सर्किटला न शिवता स्विचमधून सरळ पुढे जातो, आणि एका पेडलसाठी ते उत्तमच. पण केबल स्वतः कॅपॅसिटर असते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड. गिटारपासून पेडलबोर्डपर्यंत सहा मीटर आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सहा मीटर केबल असली आणि मधली सगळी ट्रू बायपास पेडलं बंद असली, की पिकअपला बारा मीटर केबल एकटीने ओढावी लागते. गिटारची वरची चमक त्यात विरून जाते. आधी एक चांगला बफर, म्हणजे सिग्नलला केबल ओढायचं बळ देणारं छोटं सर्किट, ठेवला की हा प्रश्न सुटतो. अपवाद पुन्हा फझ फेसचा. त्याला पिकअप थेट जोडलेलाच लागतो; त्याच्या आधी बफर आला की व्हॉल्यूमने निवळण्याची त्याची खुबी जाते. म्हणून फझ सर्वांत आधी, बफर त्याच्यानंतर.

पैसे वाचतील म्हणून हे काम हाती घेत असाल तर स्पष्ट सांगतो, पहिल्या पेडलला वाचणार नाहीत. रेझिस्टर, कॅपॅसिटर, ट्रान्झिस्टर यांचा खर्च चहा-नाश्त्याएवढा येतो. खरे पैसे जातात ते नऊ पायांच्या फूट-स्विचला, दोन जॅकना आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या डबीला. शिवाय सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि ड्रिल. तेवढ्यात बाजारातलं साधं तयार पेडल येऊन जाईल. हिशेब जमायला लागतो तो तिसऱ्या-चौथ्या पेडलपासून, कारण हत्यारं तीच राहतात. डबीवर मात्र काटकसर करू नका. धातूची डबी आतलं सर्किट बाहेरच्या गुणगुणीपासून झाकते. प्लास्टिकच्या डबीत बसवलेला फझ ट्यूबलाइटसकट सगळ्या घराचा आवाज वाजवतो.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. पॉट घेताना एवढं पाहा: व्हॉल्यूमसाठी लॉग पॉट लागतो. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक पॉटांत 'ए' छापलेला लॉग असतो आणि 'बी' छापलेला लिनिअर. दुकानदाराने लिनिअर दिला तर पेडल बिघडत नाही, पण सगळा आवाज नॉबच्या पहिल्या वळणातच उसळतो.

सोल्डरचा धूर म्हणजे शिशाची वाफ, या भीतीने पालक मुलांना हे काम करू देत नाहीत. आयर्नचं टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास तापतं, शिसं उकळायला सतराशे अंशांहून जास्त लागतात. धूर असतो तो सोल्डरमधल्या राळेचा. तोही छातीत जाऊ देऊ नये, दमा असेल त्याने तर मुळीच नाही. खिडकी उघडी आणि पंखा बाजूने असावा. शिसं पोटात जातं ते हाताला लागून, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे. नऊ व्होल्टच्या पेडलमध्ये शॉक बसण्यासारखं काही नसतं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर ही वेगळी बाब आहे: त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये टिकून राहतात. पेडल जमलं म्हणून तो उघडायला जाऊ नका.

पायाने बंद केलं की बॅटरी वाचते, हेही खरं नाही. बहुतेक पेडलांत बॅटरीचा स्विच इनपुट जॅकमध्ये असतो. जॅक स्टीरिओ असतो, त्यात गिटारची मोनो पिन गेली की बॅटरीचं ऋण टोक जमिनीला जोडलं जातं आणि वीज सुरू होते. रात्री केबल तशीच ठेवली तर पेडल बंद असूनही बॅटरी उतरत राहते. अडॅप्टर लावताना उलटी चूक होते: पेडलांची रूढ पद्धत मध्यभागी ऋण अशी आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच साध्या अडॅप्टरांत मध्यभागी धन टोक असतं. आत एक १एन ४००१ डायोड टाकून ठेवला तर चूक महागात पडत नाही.

राहिला सगळ्यांत जास्त माणसं जिथे हार मानतात तो समज: वाजलं नाही म्हणजे कुठला तरी भाग जळाला. भाग क्वचितच जळालेला असतो. बहुतेक वेळा ड्राय सोल्डर, शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये सांडलेला सोल्डरचा ठिपका, उलटा बसलेला ट्रान्झिस्टर किंवा डबीला टेकून शॉर्ट झालेली जॅकची पट्टी यातलं काहीतरी असतं. शोधायला एक साधी गोष्ट करा. अ‍ॅम्प्लिफायरला लावलेल्या केबलच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर जोडा, केबलची जमीन पेडलच्या जमिनीला चिमट्याने पकडा, आणि दुसऱ्या कुणाला तरी गिटार छेडत राहायला सांगा. कॅपॅसिटरचा मोकळा पाय आकृतीप्रमाणे इनपुटपासून एकेका जोडणीवर टेकवत पुढे जा. जिथवर आवाज येतो तिथवर सर्किट ठीक आहे. जिथे थांबला त्याच्या आधीच्या सांध्यात दोष आहे. ही पद्धत हाताशी आली की अपयशाची भीतीच जाते.

आणि पहिलं पेडल म्हणून डिले किंवा कोरस निवडू नका. कॅरिओके यंत्रांत इकोसाठी वापरली जाणारी पीटी २३९९ चिप स्वस्त आहे आणि तिच्यावर घरी सुरेख डिले होतो, पण तो पाचवा-सहावा प्रकल्प असावा. सुरुवात एलपीबी-१ या बूस्टरने करा: इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने १९६८ मध्ये काढलेला, एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कॅपॅसिटर, एक पॉट. आधी ब्रेडबोर्डवर लावा, इनपुटचा कॅपॅसिटर बदलून बदलून ऐका, आवडेल ती किंमत वहीत लिहून ठेवा, आणि मगच झिरो पीसीबीवर सोल्डर करा.