सारथ्याचा मुशाहिरा

इटलीतील फेरारी या फॉर्म्युला वन मोटारशर्यतींच्या जुन्या व मानी संघाने १९९६ साली मायकेल शूमाकर या जर्मन चालकास भरघोस मुशाहिरा देऊन आपल्याकडे आणले, तेव्हा १९७९ नंतर त्या संघाच्या एकाही चालकाच्या वाट्याला जगज्जेतेपद आलेले नव्हते. आणि लागोपाठ दोन वर्षे तो मान मिळवून आलेल्या शूमाकरलासुद्धा तो पुन्हा प्राप्त करून घेण्यासाठी २००० सालापर्यंत तिष्ठावे लागले. त्याचे कौशल्य तोकडे पडले म्हणावे, तर पहिल्याच वर्षी स्पेनमध्ये कोसळत्या पावसात त्याने प्रतिस्पर्ध्यांना कितीतरी मागे टाकले होते. उणी होती ती गाडी. ज्याँ तॉद यांच्या कारभारात रॉस ब्रॉन व रोरी बर्न हे शूमाकरच्या पूर्वीच्या संघातील तंत्रज्ञ दाखल झाले, त्यांनी खपून ती सिद्ध केली, आणि मग मात्र २००४ पर्यंत सलग पाच वर्षे ते पद त्याच्याकडून कोणालाही हिरावून घेता आले नाही.

यंत्राचा हा अंमल किती कठोर असतो, हे डेमन हिलच्या उदाहरणावरून अधिकच स्पष्ट होते. १९९६ साली विल्यम्स संघाच्या गाडीत ९७ गुण मिळवून जगज्जेता ठरलेला हा इंग्रज चालक दुसऱ्याच वर्षी ॲरोज या दुबळ्या संघात गेला, आणि अख्ख्या हंगामात त्याच्या पदरी अवघे ७ गुण पडले. त्याच हंगामात हंगेरीच्या शर्यतीत तो शेवटच्या फेरीपर्यंत आघाडीवर होता. गाडीत बिघाड झाल्यामुळेच त्याला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. म्हणूनच जाणकार लोक चालकाची पारख करताना गुणतक्त्यापेक्षा, तशीच गाडी चालविणाऱ्या त्याच्याच संघातील जोडीदाराशी त्याची तुलना करतात.

फुटबॉलपटूच्या पायाखाली असे यंत्र नसते. १९८४ साली बार्सेलोना सोडून दिएगो माराडोना नापोलीस आला, तोवर त्या क्लबाने इटलीचे साखळी विजेतेपद एकदाही पाहिले नव्हते. १९८७ आणि १९९० साली ते तेथे आले. साथीदारांची जोड त्यालाही लागलीच, परंतु त्याने दिलेला चेंडू त्याच क्षणी त्यांच्या खेळाला उंची देत असे, आणि हा परिणाम प्रेक्षकालाही उघड दिसे.

अशा खेळाडूंना न्याय्य मोबदला फार उशिरा मिळू लागला. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत आठवड्यास २० पौंडांहून अधिक वेतन देण्यास मनाई होती. ती उठताच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला १०० पौंड मिळू लागले. पुढे १९९५ च्या बोस्मन निवाड्याने करार संपलेल्या खेळाडूस नव्या क्लबाकडून मोबदला न घेता मुक्त करण्याचे बंधन युरोपातील क्लबांवर आले, आणि पूर्वी क्लबाच्या खजिन्यात जाणाऱ्या रकमेचा मोठा हिस्सा खेळाडूच्या वेतनात पडू लागला. शर्यतींच्या जगात तर तळाशी उलटाच व्यवहार आढळतो: निकी लाउडा या चालकाने प्रारंभी बँकेचे कर्ज काढून संघात जागा मिळविली होती.

२०२१ पासून फॉर्म्युला वनमधील संघांच्या खर्चावर वार्षिक मर्यादा आली. तिचा पहिला आकडा १४५ दशलक्ष डॉलर होता. चालकांचे वेतन मात्र तिच्याबाहेर ठेवले गेले. हा अपवाद मला रास्त वाटत नाही. यंत्रावर पूर्वीसारखा पैसा ओतता येत नसताना श्रीमंत संघाला नामवंत चालकावर हवी तेवढी रक्कम खर्चता येते. आणि तीन सर्वोच्च पगारदार सोडले, तर गाडी घडविणाऱ्या तंत्रज्ञांचा पगार मात्र पैन् पै त्या मर्यादेत मोजला जातो.