बोंबल्या विठोबाच्या यात्रेला

विठोबाच्या नावामागे ‘बोंबल्या’ हे विशेषण ऐकून आमच्या मातोश्रींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांच्या गळ्यात चाळीस वर्षे तुळशीची माळ! आमची सौ. मात्र उरणची, बोंबलांच्या वासात वाढलेली. तेव्हा यात्रेचा बेत काढणे म्हणजे पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत युद्ध पुकारणेच होते.

“पांडुरंगाच्या दारात मासळी? मी नाही यायची,” आई म्हणाली.

“आजी, मग आम्ही पाळण्यात बसल्यावर आमच्या चपला कोण सांभाळणार?” सात वर्षांच्या चिरंजीवांनी विचारले. हा मुद्दा बिनतोड ठरला. आई निघाली.

खोपोलीजवळचे साजगाव पनवेलहून एस. टी.ने जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने तासाभराच्या वाटेवर. कार्तिकी एकादशीला यात्रा सुरू होते आणि पुढे बरेच दिवस रेंगाळते. ज्यांना पंढरपूर घडत नाही त्यांची ही धाकटी पंढरी. सुक्या मासळीचा बाजार भरतो, म्हणून देवाला हे नाव. तुकोबा मिरचीच्या व्यापारासाठी इकडे उतरत, अशीही कथा सांगतात. कथेचे काय ते असो, भूगोल मात्र तिच्या बाजूने आहे. बोरघाटाच्या पायथ्याचे हे ठिकाण. घाटावरच्या माणसाला मीठ आणि मासळी हवी, कोकणातल्याला मिरची आणि घोंगडी. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला. त्याआधी हा माल बैलांच्या पाठीवरून चढे-उतरे. जिथे माल थांबतो तिथे बाजार भरतो, आणि बाजार भरला की देवही एकटा राहत नाही!

वाटेत डोंगरावरून उतरणारे मोठमोठे नळ पाहून धाकटीने “तो साप कुणाचा?” म्हणून विचारले. तो टाटांचा; १९१५ पासून त्यातल्या पाण्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज केली. धाकटीला साप असण्यातच अधिक गोडी होती.

यात्रेत पाळणे, पिपाण्या, रेवड्या, सगळे यथासांग झाले. मग सौ.ची पावले मासळीकडे वळली. सोडे, जवळा, वाकट्या यांचे ढीग! कोळीणबाईंनी चिरंजीवांना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दाखवले. असे जोडीजोडीने ते बांबूंवर बांधलेल्या दोरीवर वाळत घालतात. ताज्या बोंबलात बहुतेक पाणीच, म्हणून वाळला की काडी होतो. चिरंजीव आजीला दाखवायला ती जोडी घेऊन धावले. आई नाकाला पदर लावून दूर उभी होती.

“इकडं या ना आजी, बसा,” कोळीणबाई म्हणाल्या. “मी पन आज उपाशी हाय. इकतंय म्हनून खातंय थोरंच!” त्यांच्याही गळ्यात तुळशीची माळ होती.

आईने पदर खाली घेतला. क्षणभर त्या माळेकडे पाहिले आणि तिथेच पोत्यावर बसली. पंढरीला किती वेळा गेलात, पाय दुखतात का, सुना कशा आहेत... अर्धा तास आम्हा कुणाला विचारतो कोण! उठताना आईने डब्यातले शेंगदाण्याचे दोन लाडू बाईंच्या हातावर ठेवले. बाई बोंबलांचे पैसे कमी घेऊ लागल्या, तर आईनेच सौ.ला पुरे द्यायला लावले.

परतीच्या गाडीत बोंबील तीन वर्तमानपत्रांत गुंडाळलेले होते.

“माझ्या नव्या घोंगडीपासून लांब ठेव हो,” आई सौ.ला म्हणाली. “आणि उद्या द्वादशी आहे. परवा भाज.”