पोट सुटणे म्हणजे सुबत्ता नव्हे

कोणाचे पोट जरा पुढे आले की आपल्याकडे "खात्यापित्या घरचा दिसतो" असे कौतुकाने म्हणतात. ज्यांच्या वाडवडिलांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढले, त्यांना हे कौतुक वाटणे साहजिकच आहे. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, या कौतुकाची किंमत आज घराघरांत साखरेच्या गोळ्यांच्या रूपाने मोजावी लागत आहे.

लठ्ठपणा हा बंगल्यात राहणाऱ्यांचा रोग, ही समजूत आधी काढून टाका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याचे वजन प्रमाणाबाहेर आढळले.

बरे, काटा तरी खरे सांगतो का? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तपासणी झाली, तेव्हाही हेच दिसले. इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे, आपले २.७ किलोचे, हातापायांवर मांस कमी, चरबी मात्र राखलेली. आई अर्धपोटी राहिली की गर्भातले मूल असे घडते, असे संशोधक सांगतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार ज्यांनी सोसली, त्यांनाच थोडेसे सुटलेले पोटही जास्त बाधते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची वाट याच पोटातून जाते.

तेव्हा काट्यापेक्षा कमरेवर लक्ष ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडून मोजा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. टेप नसेल तर आपल्या उंचीइतकी सुतळी कापा, ती मधोमध दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळून पाहा. टोके जुळली नाहीत, तर सावध व्हा.

मी पडलो कारकून, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या ताटात ते २७ ग्रॅम आहे. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे जवळपास ४० ग्रॅम साखर. २५ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे सांगतात. बाहेरचा वडापाव आणि मुलांची पाकिटे यांत धरलेलीच नाहीत.

वडापाव खाणाऱ्याला मी दोष देणार नाही. बारा तास उभ्याने काम करणाऱ्याला त्या पैशांत नाक्यावर दुसरे काय मिळते? रेशनवर तांदूळ-गहू फुकट मिळतात, डाळ आणि भाजी मात्र बाजारभावाने घ्यावी लागते. मग ताट भाताने भरते. आणि घरातली बाई सर्वांत शेवटी जेवते, वाया जाऊ नये म्हणून सर्वांचे उरलेलेही तीच संपवते. ही सवय आधी मोडली पाहिजे, आणि ती तिच्या एकटीने मोडणार नाही.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची हकीगत आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही. मात्रा ओळखून जेवण्याची एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ केली आणि राजा जेवायला बसला की तो ती म्हणू लागला. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. हळूहळू, हा शब्द महत्त्वाचा. महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्या जाहिरातीतल्या पावडरींवर घामाचा पैसा घालवू नका. ८० किलोच्या माणसाचे चार किलो उतरले तरी साखर आणि रक्तदाबाला फरक पडतो.

तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. रविवारच्या सभेला येणाऱ्यांनी आपापल्या गल्लीची यादी करून चार-चार, पाच-पाच जणांना सोबत न्यावे. एकटा माणूस जात नाही, खाडा पडेल म्हणून टाळतो.